तिथे नाहीये किंगडा का

जुलैमध्ये माझा भाचा पुण्याहून आमच्याकडे आला होता. नऊ वर्षांचा, गाडीत बसला की शंभर प्रश्न. एका रविवारी त्याला समुद्र दाखवायला आम्ही प्लेन्सबरोहून पॉइंट प्लेझंटला निघालो. तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी, बर्फात ठेवलेल्या कलिंगडाच्या फोडी, पायाशी वाळूत खेळायची बादली. १९५ हायवेवर एक्झिट १६ जवळ यायला लागली तशी मागच्या सीटवरची बडबड थांबली. आमच्या गाडीत या ठिकाणी बडबड थांबतेच, वर्षानुवर्षं थांबत आली आहे. धाकटा उजवीकडच्या खिडकीशी सरकला, भाच्याचा खांदा हलवून त्याने झाडांच्या वर बोट केलं आणि म्हणाला, "तो बघ. तिथे नाहीये किंगडा का."

भाच्याने काचेला नाक लावलं. "कुठे?"

"अरे, तिथेच. त्या झाडांच्या मागे. तिथे नाहीये."

धाकट्याचं मराठी घरापुरतं आहे. वाक्यं कधी कधी घसरतात. त्याला 'तिथे होता' म्हणायचं असेल असं वाटून मी दुरुस्त करायला मागे वळलेही, पण त्याचा चेहरा बघितला आणि गप्प बसले. त्याचं वाक्य चुकलं नव्हतं. 'होता' म्हटलं की गोष्ट मागे पडते. त्याच्या डोळ्यांपुढे त्या रोलर कोस्टरची रिकामी जागाच उभी होती, चांगली १३९ मीटर उंच, आणि ती तो पाहुण्याला दाखवत होता. दिवसभर समुद्रावर, ओल्या वाळूत, पुऱ्या खाताना ते वाक्य माझ्या मागेमागे फिरत राहिलं.

न्यू जर्सीतल्या मराठी माणसाला किंगडा का समजावून सांगावा लागत नाही. इथे प्रत्येकाकडे उन्हाळ्यात पाहुणे येतात आणि त्यांना काय दाखवायचं ते ठरलेलं असतं. न्यूयॉर्क, नायगारा, रॉबिन्सव्हिलचं अक्षरधाम, आणि बरोबर तरुण मुलं असतील तर जॅक्सनचं ग्रेट अ‍ॅडव्हेंचर पार्क. किंगडा का हा तिथला रोलर कोस्टर, ४५६ फूट उंच होता. गेटवे ऑफ इंडिया एकावर एक पाच रचले तरी हा त्यांच्या वर डोकं काढून उभा राहिला असता. साताऱ्याच्या माझ्या आईला मात्र ते नाव कायम प्रश्नासारखं वाटायचं. फोनवर नातू उत्साहाने सांगायचा, "आजी, किंगडा का!" आणि ती विचारायची, "का म्हणजे? कशासाठी?"

मी त्यात एकदाच बसले, २००६ च्या उन्हाळ्यात. लग्न होऊन इथे येऊन मला वर्षही झालं नव्हतं. एच-४ व्हिसा, नोकरी करायची परवानगी नाही, दिवसभर अपार्टमेंटमध्ये. तिथल्या भिंती इतक्या पातळ की शेजाऱ्याचा खोकला ऐकू यायचा, त्यामुळे मीही हळू बोलायला शिकले होते. फोडणी करताना खिडकी उघडून टॉवेल हलवत उभी राहायचे, कारण धुराचा अलार्म वाजला की लोक दारं उघडून बाहेर बघायचे. त्या रांगेत नवऱ्याबरोबर दोन तास उभी राहिले तेव्हा डांबराचा वास होता, तळलेल्या पिठावरच्या साखरेचा होता, सनस्क्रीनचा होता. दर थोड्या वेळाने रुळाकडून एक आवाज यायचा. आधी खडखडाट, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग सगळी हवा कुणीतरी एका श्वासात ओढून घ्यावी तसा घोंघाट. रांगेतले सगळे दर वेळी वर बघायचे. दोन तासांत किती वेळा ते झालं असेल, पण एकदाही कुणी वर बघायचं सोडलं नाही.

आमची गाडी पुढे सरकली, थांबली, किंचित मागे घसरली. खालचे ब्रेकचे पत्रे धडाधड खाली बसले. हात खाली, डोकं मागे, घट्ट धरा, अशी सूचना आली. त्यानंतरची ती स्तब्धता मला सगळ्यात जास्त आठवते. समोर सरळ रूळ, त्याच्या टोकाला आभाळात उभा गेलेला हिरवा मनोरा, आणि मांडीवर कुणाचा तरी घाबरून पडलेला हात, जो माझाच होता. मग साडेतीन सेकंदांत ताशी २०६ किलोमीटर. डोळ्यांतलं पाणी आडवं कानापर्यंत गेलं. पाठीवर पडल्यासारखी मी वर चालले होते आणि वर गेल्यावर सगळं एकाएकी हलकं झालं. खाली सपाट हिरवं जंगल, तळं, पार्किंगमध्ये चमकणाऱ्या गाड्यांच्या काचा. आवाज नाही. मग पीळ घेत घेत सरळ खाली. सगळं मिळून मिनिटभरही नाही. मी 'आई गं' म्हणून ओरडले होते, घसा फाटेपर्यंत. खाली आल्यावर पाय लटपटत होते आणि मी हसत होते. त्या वर्षभरात मी इतक्या मोठ्याने काही बोललेच नव्हते. या देशात माझा आवाज पहिल्यांदा मी तिथे ऐकला.

म्हणून तो माझ्यासाठी नुसता खेळ नव्हता.

पण खरा वेडा आमचा धाकटा. २०१४ चा जन्म, त्याच वर्षी मनोऱ्याच्या अंगाला झुमांजारो नावाचा उंचावरून खाली सोडणारा पाळणा जोडला गेला, हे तो आपल्या जन्मपत्रिकेतलं काहीतरी असल्यासारखं सांगतो. त्याला त्याची सगळी यंत्रविद्या पाठ. गाडीला स्वतःचं इंजिन नाही. नायट्रोजनच्या दाबाखाली साठवलेलं तेल एकदम मोटारींत सुटतं, मोटारी एक मोठं पिंप फिरवतात, त्यावर पोलादी दोर गुंडाळला जातो आणि त्या दोराला बांधलेली छोटी गाडी मोठ्या गाडीला ओढून नेते. मी त्याला म्हटलं, हा तर आमच्या विहिरीचा रहाट. त्याने रहाटाचा व्हिडिओ बघितला, बराच वेळ विचार केला आणि मान डोलावली. कधी वारा विरुद्ध असला, गाडी जड झाली की ती शिखरापर्यंत पोचायची नाही. थोडी वर जायची, थबकायची आणि आल्या वाटेने उलटी खाली यायची. ब्रेक तिला अलगद धरायचे आणि पुन्हा सोडायचे. याला रोलबॅक म्हणतात. ज्यांना रोलबॅक मिळाला ते लोक लॉटरी लागल्यासारखे वर्षभर सांगत फिरायचे.

त्यात बसायला उंची लागायची ५४ इंच. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर नवऱ्याने टेप लावून ५४ इंचांवर लाल पेन्सिलीने एक रेघ मारली आणि शेजारी मी देवनागरीत 'किंगडा का' लिहिलं. धाकटा तेव्हा पाच वर्षांचा. त्याच्या खाली दर वाढदिवसाची एक साधी रेघ. काही वर्षी दोन रेघांत तीन बोटांचं अंतर, एका वर्षी जेमतेम एक, तेव्हा त्याने आठवडाभर न सांगता दूध प्यायलं होतं. पालेभाजी, झोप, पोहणं, सगळ्याचा हिशेब त्या लाल रेघेशी. थोरलीने त्याच्याआधी ती उंची गाठली होती, पण तिला त्याचं कौतुक नव्हतं. तिचा जीव ग्रीन लँटर्नवर, ज्यात उभ्याने बसतात. लाल रेघ धाकट्याची होती. २०२४ च्या सप्टेंबरच्या शेवटी त्याच्या डोक्यावर पुस्तक आडवं धरून मी रेघ मारली आणि ती लालच्या केसभर वर गेली.

पुढच्याच महिन्यात आम्ही गेलो. शनिवार, १९ ऑक्टोबर. दाराशी उभ्या असलेल्या मुलीने मोजायची काठी त्याच्याशेजारी धरली, त्याच्याकडे बघून हसली आणि आत जा म्हणाली. त्याने माझ्याकडे वळून बघितलं तो चेहरा मी विसरणार नाही. रांग मोठी होती. तास झाला, सव्वा तास झाला, आणि मी घड्याळ बघायला लागले. त्या रात्री आमच्याकडे कोजागिरी होती. पौर्णिमा बुधवारीच झाली होती, पण इथे सगळे सण शनिवारी होतात. वीस माणसं यायची होती, चार गॅलन दूध आटवायचं होतं, चारोळी भिजवायची राहिली होती. अजून किमान तासाभराची रांग होती. मी म्हटलं, "आपण पुढच्या वर्षी येऊ. पार्क उघडलं की पहिल्या दिवशी. आता तर तुझी उंची झालीये, ती काही कमी होत नाही." तो काही बोलला नाही. समजूतदार मूल आहे. साखळीखालून वाकून आम्ही बाहेर आलो. रात्री दुधाच्या पातेल्यात चंद्र बघायला सगळी मुलं अंगणात गेली तेव्हा तोही होता, ओठांवर केशराची मिशी घेऊन.

दूध छान झालं होतं, असं सगळे म्हणाले.

नोव्हेंबरच्या मध्यावर बातमी आली. किंगडा का बंद. पुढच्या सीझनपासून बंद असं नव्हे, झालाच आहे. १० नोव्हेंबरचा रविवार हा त्याचा शेवटचा दिवस होता, आणि त्या रविवारी त्यात बसलेल्यांना तो शेवटचा आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. ग्रीन लँटर्नही गेला. मनोऱ्याबरोबर झुमांजारोही जाणार, ते उघडच होतं. चाहत्यांमध्ये कुजबुज आधीपासून होती, काहींनी मानली, बहुतेकांनी नाही, कारण जगातला सगळ्यात उंच कोस्टर कुणी असा गुपचूप काढत असेल हे कुणाच्या मनात येईना. लाडक्या राइड्सना निरोप देणं अवघड असतं याची आम्हाला जाणीव आहे, अशा अर्थाचं वाक्य त्या घोषणेत होतं. मी ते दोनदा वाचलं. निरोप द्यायला समोर कुणीतरी असावं लागतं.

आमच्या कॉलनीत कॉलेजात शिकणारा एक मुलगा आहे, धाकट्याचा या बाबतीतला गुरू. तो किंगडा कामध्ये दोनशेहून जास्त वेळा बसला होता. त्याच्याकडे एक छोटी वही आहे, तीत प्रत्येक फेरीची तारीख, कितवी रांग, हवा कशी होती, रोलबॅक झाला का, हे लिहिलेलं. ९ नोव्हेंबरला तो तिथे होता. थंडी वाजायला लागली म्हणून एक फेरी करून लवकर घरी आला. बातमीनंतरच्या शनिवारी आमच्या स्वयंपाकघरात बसून तो म्हणाला, मला रडू येतंय ते राइड गेली म्हणून नाही, लोखंड आज ना उद्या जाणारच. मी शेवटच्या वेळी बसलो तेव्हा पुढच्या आठवड्याच्या परीक्षेचा विचार करत होतो. आणि पुन्हा पुन्हा एकच, इंग्रजीत, पण मला ते मराठीतच ऐकू आलं: सांगितलं असतं तर आलो असतो. सांगितलं असतं तर आलो असतो. हे वाक्य मी आमच्याकडच्या ओट्यांवर, सुतकातल्या घरांत, उंबऱ्यापाशी चपला काढणाऱ्या माणसांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय.

माझी आजी गेली तेव्हा मी इथे होते. आदल्या दिवाळीत फोनवर तिला 'पुढच्या वर्षी येते' म्हणाले होते. यंत्राची आणि आजीची तुलना मी करत नाही. पण त्या मुलाला चहा देताना माझा हात थरथरला, एवढं खरं.

आजीमुळेच मला पुसेगावची यात्रा माहीत. सेवागिरी महाराजांचा रथ, त्यावर लोकांनी बांधलेल्या नोटांच्या माळा, बैलांचा बाजार, गोडीशेव, आणि लांबूनच दिसणारा पाळणा. मार्गशीर्षातली बोचरी थंडी, डिझेल इंजिनाची धकधक, गार पडलेल्या लोखंडी दांडीचा तळहाताला लागणारा वास, जो घरी येऊन हात धुतले तरी जायचा नाही. पाळणा वर जाऊन थांबला की खाली माणसं भरेपर्यंत आपण वर लोंबकळत राहायचो, आणि खालून आजी पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेत वर बघत राहायची. यात्रा उठली की दुसऱ्या दिवशी ती मला मुद्दाम तिथे न्यायची. का ते तेव्हा कळायचं नाही. पाळणा सोडायचं काम चाललेलं असायचं. दोन माणसं वर चढलेली, पान्याने एकेक बोल्ट ढिला करून खाली टाकायची, खालचा पोरगा तो रॉकेलच्या डब्यात बुडवायचा, पुसायचा आणि पोत्यात टाकायचा. पाळण्याच्या खुर्च्या एकात एक घालून ट्रकवर चढायच्या, रंगवलेले मोर आणि हत्ती उलटेपालटे. संध्याकाळपर्यंत तिथे चाकाचे चर आणि तेलाचे डाग उरायचे. ट्रक सुरू झाला की पाळणेवाला आजीला म्हणायचा, "येतो आई." ती म्हणायची, "या." जातो म्हटलेलं तिला चालायचंच नाही; आम्ही शाळेला निघताना चुकून 'जाते' म्हणालो तर उंबऱ्यावरून परत आत बोलावून 'येते' म्हणायला लावायची. मला वाटतं, म्हणूनच पाळणा गेल्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. मी त्याला बोल्ट बोल्ट करून जाताना बघितलं होतं.

किंगडा का थकलेला होता, हे मलाही कळतं. २००५ च्या मे महिन्यात सुरू झाला आणि पुढच्याच महिन्यात बिघडून ऑगस्टपर्यंत बंद राहिला. २००९ मध्ये वीज पडली, पुन्हा काही महिने बंद. तेलाच्या दाबावर चालणारी ती यंत्रणा मुळात नाजूक. ओहायोत त्याचा थोरला भाऊ होता, ४२० फुटांचा टॉप थ्रिल ड्रॅगस्टर. २०२१ मध्ये त्याच्या गाडीचा एक तुकडा निसटून रांगेत उभ्या असलेल्या बाईंना लागला, आणि तो पुन्हा त्या रूपात कधीच धावला नाही. अशा यंत्राची जबाबदारी घेणाऱ्या माणसांना रात्री झोप लागत असेल का, असं माझ्या मनात येतं. आधी तारीख सांगितली असती तर त्या शेवटच्या दिवशी अर्धी अमेरिका जॅक्सनच्या रस्त्यावर उतरली असती, आणि थकलेल्या यंत्रावर तो भार पडला असता. हे सगळं मान्य करूनही वाटतं, एक दिवस द्यायला हवा होता. फेऱ्या नसत्या केल्या तरी चाललं असतं. बंद रुळाखाली उभं राहून वर बघायला लोक आले असते. मी धाकट्याला घेऊन गेले असते.

२८ फेब्रुवारीच्या शुक्रवारी सकाळी सुरुंग लावून तो पाडला. कॉलनीतला तो मुलगा अंधारातच गाडी काढून लांबून बघायला गेला होता. आवाज आधी पायांतून आला, मग कानांत, असं तो म्हणाला. धाकट्याने व्हिडिओ शाळेला जायच्या आधी बघितला, डब्यात मी पोळीचा रोल भरत असताना. मनोरा आधी कमरेत हलतो, थबकतो, आणि मग हळूहळू आडवा होतो. एवढ्या उंच वस्तूला पडायलाही वेळ लागतो. त्याने तो पुन्हा लावला. मग बोटाने मागे ओढला, म्हणजे धुळीतून मनोरा उठून उभा राहिला. तीन-चार वेळा त्याने तेच केलं, पाडलाच नाही, फक्त उठवला. मग म्हणाला, "रोलबॅक," आणि फोन मला दिला. बस आली होती.

त्याने मला कोजागिरीबद्दल एकदाही काही म्हटलं नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

समुद्रावरून परत येताना संध्याकाळ झाली होती. मुलांच्या केसांत वाळू, गाडीत ओल्या टॉवेलांचा वास. एक्झिट १६ आली तेव्हा धाकटा झोपला होता. भाचाच जागा होता. तो आता माझ्या बाजूच्या काचेतून बघत होता आणि त्याने हळूच विचारलं, "आत्या, इथेच नाहीये ना तो?" मी म्हटलं, "हो. इथेच."

घरी आल्यावर आंघोळी झाल्या, वरणभात झाला. मी भांडी घासत होते तेव्हा भाच्याला चौकटीवरच्या रेघा दिसल्या आणि ती लाल कसली म्हणून त्याने विचारलं. धाकट्याने त्याला काही सांगितलं नाही. नुसता चौकटीला पाठ लावून उभा केला, टाचा चिकटवायला लावल्या, हनुवटी सरळ केली, कपाटावरचं पुस्तक काढून त्याच्या डोक्यावर आडवं धरलं आणि कानामागची पेन्सिल काढून रेघ मारली. दोघेही मागे सरून बघायला लागले. लाल रेघेला दोन बोटं कमी होती.

"नसतं बसता आलं तुला," धाकटा म्हणाला. मग भाच्याचं पडलेलं तोंड बघून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पुढच्या वर्षी आलं असतं."

आणि त्या नव्या रेघेशेजारी त्याने सावकाश तारीख घातली.